कॅडची फाईल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात देताना

अकोल्याच्या शिवणी एमआयडीसीत दालमिलची आणि अमरावतीकडे जिनिंगच्या यंत्रांची सुटी कामे घेणारे आपले बरेच लेथवाले व फॅब्रिकेटर बांधव आहेत. पूर्वी झिजलेला भाग समोर ठेवायचा, व्हर्नियरने माप घ्यायचे आणि तसाच दुसरा करून द्यायचा, एवढ्यावर भागत असे. आता पुष्कळ काम सीएनसी, वायर कट व लेझर यंत्रांवर जाते. ग्राहक संगणकावर काढलेले मॉडेल देतो आणि आपण ते पुढे जॉबवर्कवाल्याकडे पाठवतो. या देवघेवीत काय टिकते व काय गळते हे माहीत नसले, तर बिघडलेल्या नगाचा खर्च कोणाच्या माथी बसतो हे सांगायला नकोच.

प्रत्येक प्रोग्रामची फाईल त्याच्या स्वतःच्या भाषेत असते. सॉलिडवर्क्सची फाईल प्रत्येक मशिनिंग प्रोग्राम वाचेलच असे नाही, आणि नव्या आवृत्तीत जपलेली फाईल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही. म्हणून सर्वांना समजणाऱ्या मधल्या भाषा निघाल्या. अमेरिकेत १९८० मध्ये आयजेस आली. त्यानंतर १९९४ मध्ये स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याचा क्रमांक आयएसओ १०३०३.

आयजेसमध्ये वस्तूचे पृष्ठभाग बहुधा सुटे सुटे जातात. पत्र्याचे तुकडे डब्याच्या आकारात उभे केले, पण वेल्डिंग राहून गेले, असा तो प्रकार. तुकड्यांमध्ये बारीक फट राहिली की मशिनिंगचा प्रोग्राम त्याला भरीव वस्तू मानत नाही. स्टेपमध्ये वस्तू भरीव म्हणूनच जाते, त्यामुळे घन भागासाठी स्टेपच मागावी असे आमचे मत आहे. मात्र मॉडेल कसे घडत गेले, आधी कोणते भोक, मग कोणती खाच, हा क्रम स्टेपमध्ये सहसा येत नाही. यंत्रावर काम होईल, पण उद्या माप बदलायचे ठरले तर त्रास पडेल. म्हणून मूळ फाईलही घेऊन ठेवावी.

एसटीएल ही फाईल थ्रीडी प्रिंटिंगसाठी निघाली. तिच्यात गोलाई नसतेच, सगळे लहान लहान त्रिकोण असतात. ६२०५ बेअरिंगच्या घराचे उदाहरण घ्या. बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर. ते वर्तुळ ३२ सरळ बाजूंनी दाखवले, तर प्रत्येक बाजू मध्यावर खऱ्या वर्तुळापेक्षा सुमारे ०.१२५ मिलिमीटर आत येते. समोरासमोरच्या दोन बाजूंत अंतर उरते सुमारे ५१.७५. त्यात बेअरिंग बसणार कसे? बोअरिंगच्या कामाला एसटीएल आली तर आम्ही ती परत पाठवावी असेच सांगू.

याच घरात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते सर्वाधिक फसगत तिथेच होते. मॉडेलमध्ये भोक नेमके ५२.००० काढलेले असते. पण एच ७ फिट हवा असेल तर चालणारे माप ५२.००० ते ५२.०३० असते. ही सूट आकारात दिसत नाही. स्टेपच्या एपी २४२ या नव्या प्रकारात ती भरता येते, पण पाठवणाऱ्याने भरली पाहिजे आणि घेणाऱ्याच्या प्रोग्रामला वाचता आली पाहिजे. सबब मॉडेलसोबत मापे व सूट लिहिलेले ड्रॉइंग घ्यावेच. व्हॉट्सअॅपवरचा फोटो म्हणजे ड्रॉइंग नव्हे!

एककाचा घोळ तर जुनाच आहे. स्टेपमध्ये एकक लिहिलेले असते. एसटीएलमध्ये नसते, आणि डीएक्सएफमध्ये असले तरी घेणारा प्रोग्राम ते मानेलच असे नाही. इंच व मिलिमीटर यांत २५.४ पटींचा फरक. १० इंची पुली १० मिलिमीटरची होऊन उघडते आणि पडद्यावर सुपारी काय नि पुली काय, सारखीच मोठी दिसते. म्हणून फाईल उघडताच एखादे माहितीतले माप मोजून पाहावे.

दालमिलच्या चाळण्या, गार्ड, फ्लँज अशा सपाट पत्र्याच्या कामाला डीएक्सएफ चालते. तिथे तीन गोष्टी तपासाव्यात. एकाच जागी दोन रेषा एकावर एक बसल्या असतील तर लेझर तीच जागा दोनदा कापतो आणि बिल तसेच येते. रेषा कुठे तुटलेली असेल तर भोक बंद आकार धरले जात नाही. वळणदार रेषाही पाहाव्यात: ऑटोकॅडच्या जुन्या आर १२ प्रकारात जपताना त्यांचे सरळ तुकडे होतात. साधे वर्तुळ मात्र वर्तुळच राहते. चाळणीला ते पुरते, कॅमच्या कडेला पुरत नाही.

ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून घ्यावे: कोणती फाईल, एकक कोणते, ड्रॉइंगचा क्रमांक व तारीख, आणि मॉडेल व ड्रॉइंग जुळले नाही तर कोणाचे माप खरे धरायचे. हा शेवटचा मुद्दा लिहिलेला नसल्यामुळेच भांडणे होतात. चाळणीचा महाग पत्रा कापायला देण्यापूर्वी डीएक्सएफची पूर्ण मापाची प्रिंट काढावी आणि जुनी चाळणी तिच्यावर ठेवून भोके जुळतात का पाहावे. प्लॉटरवाल्याला मात्र कागदात बसवण्यासाठी आकार लहान करू नको, हे बजावून सांगावे.