पऱ्हाटी, मीठ आणि विजेचा घट

वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपली की शेतोशेती नुसती पऱ्हाटी उरते. काही चुलीत जाते, पुष्कळशी धुऱ्यावर जळते. मोबाइल फोनातील बॅटरीशी तिचा काय संबंध, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

बॅटरीच्या घटात धनाग्र, ऋणाग्र व मधला द्रव असे तीन मुख्य भाग असतात. घट भरताना लिथियमचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, धनाग्रातून निघून ऋणाग्रातील ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वीज वापरताना ते परत फिरतात. हे ग्राफाइट म्हणजे शिसपेन्सिलीत असते तेच. असा घट १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. त्याचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आरंभीच्या घटांच्या धनाग्रात कोबाल्ट असे. हा धातू महाग असून त्याचा बहुतेक पुरवठा आफ्रिकेतील काँगो देशातून होतो. म्हणून गुडइनफ ह्यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली लोह व फॉस्फेट ह्यांचे धनाग्र पुढे मांडले; आज विजेवरील पुष्कळ गाड्यांत तेच असते. कोबाल्ट असे सुटले, पण लिथियम राहिलेच, आणि तेही थोड्याच देशांतून निघते.

मग लिथियमऐवजी सोडियम का घेऊ नये? ते तर मिठात आहे! अडचण अशी की, लिथियमचा अणुभार सुमारे ७, तर सोडियमचा २३. त्याचा आयनही मोठा असून ग्राफाइटच्या थरांत तो नीट सामावत नाही. त्यास ‘कठीण कार्बन’ लागतो. लाकडासारखे वनस्पतिजन्य पदार्थ हवेवाचून १००० अंशांहून अधिक तापविले असता तो तयार होतो. त्याचे थर वेडेवाकडे असल्यामुळे मधल्या पोकळ्यांत सोडियमला जागा मिळते. कापसाच्या तंतूंपासूनही असा कार्बन प्रयोगशाळांत करण्यात आला आहे. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील आयसर ह्या संस्थेच्या सहकार्याने सोडियम-आयन घटाचे तंत्र सिद्ध केल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

पऱ्हाटीही लाकूडच होय. परंतु केवळ कोळसा पाडून भागणार नाही. तिच्यातील क्षार धुऊन काढावे लागतील, उष्णता नेमकी राखावी लागेल व प्रत्येक खेपेस गुण सारखाच उतरला पाहिजे. शिवाय तितकीच वीज साठविण्यास सोडियमचा घट अधिक जड होतो. फोनात ते चालणार नाही; पण घरात वा सौरपंपाशेजारी एके ठिकाणी ठेवावयाच्या घटास वजनाची काय अडचण?

दुर्मिळ वस्तूंवाचून भागवावे व विपुल वस्तूंचा गुण पारखावा, अशी ह्या संशोधनाची एक मोठी दिशा आहे. ती पारख रसायनशास्त्राच्या अभ्यासानेच येते. कास्तकारांच्या मुलामुलींनी तो मनापासून केला व पालकांनी त्यांस तो करू दिला, तर धुऱ्यावर जळणाऱ्या पऱ्हाटीसही एखादे दिवशी दाम येईल, अशी आम्हांस आशा वाटते.