आम्ल पाणी, औषध आणि माशाचे अंडे



माती परीक्षणाच्या कागदावरचा 'सामू' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. 7 म्हणजे समतोल, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. ओढ्याच्या पाण्यालाही सामू असतोच, आणि माशाची पैदास त्यावर अवलंबून असते.

रोहू-कटल्याचे अंडे पावसाळ्यात साधारण 14 ते 20 तासांत फुटते. आतले पिलू एक रस सोडते आणि त्याने कवच विरते. पाणी आम्ल झाले की हा रस नीट काम करीत नाही. सामू 5 वर आला तर बहुतेक जातींची अंडी फुटतच नाहीत. जी पिले बाहेर येतात, त्यांच्या अंगातले मीठ कल्ल्यांवाटे पाण्यात जाते. मोठे मासे मात्र काही दिवस तगतात. आपण म्हणतो, "मासे तर दिसतात की!" पण पुढची पिढी आलेलीच नसते.

आता औषधाचे बघू. आपण घेतलेल्या गोळीचा काही भाग लघवीवाटे गटारात आणि तिथून नदीत जातो. औषध कारखान्यांचे सांडपाणी तर फारच जहाल. हैदराबादजवळ पटानचेरू येथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे पाणी एका केंद्रात शुद्ध होत असे. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एक प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले.

ही दोन संकटे एकत्र आली तर? डायक्लोफिनॅक घ्या. गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठी ते 2006 साली बंद झाले, माणसांसाठी अजून मिळते. माशाच्या कल्ल्यांना व मूत्रपिंडाला ते इजा करते. हे औषध स्वतः सौम्य आम्ल आहे. विम्ल पाण्यात त्याचे कण भारित असतात, त्यामुळे सजीवाच्या पडद्यातून सहज शिरत नाहीत. सामू 8 वरून 6 वर आला की आत शिरू शकणारा भाग सुमारे शंभरपट होतो. औषध तेवढेच, पण मार मोठा! 2,4-डी फवारताना पाणी आम्ल असले की ते पानात लवकर शिरते, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या काळ्या मातीच्या मुलखात पाणी बहुधा चुनखडीचे, म्हणून थोडे संरक्षण आहे. पण आसवनीच्या स्पेंटवॉशचा सामू 4 च्या आसपास असतो आणि तो पाण्यातला प्राणवायूही खातो. साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा सामू 5.5 ते 8.5 च्या आत हवा, असा 2016 चा नियम आहे. कारखाना आपला आहे, तेव्हा ही जबाबदारीही आपलीच.

म्हणून एवढे करू या. जनावरांच्या औषधाच्या बाटल्या, फवारणीचे पंप ओढ्यात धुवायचे नाहीत. उरलेल्या गोळ्या पाण्यात टाकायच्या नाहीत. ओढ्याला तांबडे, उग्र वासाचे पाणी दिसले तर त्याच दिवशी कारखान्यात वर्दी द्यायची, मग ते पाणी आपल्याच कारखान्याचे का असेना. मासे तरंगू लागेपर्यंत वाट पाहिली, तर अंडी केव्हाच गेलेली असतात.