ॲप्टने पॅकेज काढण्यापूर्वी

डेबियन आणि उबुंटूमध्ये सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याचे काम ॲप्ट पाहते. फायली जागच्या जागी ठेवणारा डीपीकेजी त्याच्या खालच्या थरात असतो. कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे, याचा हिशेब ॲप्ट लावते. बसवताना एका पॅकेजमागे आणखी चार येतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. काढताना एकामागे पन्नास जाऊ शकतात, हे मात्र अनेकांना नुकसान झाल्यावरच कळते.

याचे नेहमीचे उदाहरण पायथनचे. उबुंटूवर नवी आवृत्ती हवी, तर आधीची काढावी असे नवशिक्याला वाटते आणि तो ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३’ असा आदेश देतो. उबुंटूचा डेस्कटॉप आणि व्यवस्थेची कितीतरी साधने त्याच पायथनवर उभी असतात. ॲप्ट हे लपवत नाही. काय काय काढले जाणार याची लांबलचक यादी पडद्यावर येते, पुढे जायचे का असे विचारले जाते आणि घाईत ‘वाय’ दाबला जातो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर खिडक्या नसतात. काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ तेवढी दिसते. नवा पायथन हवाच असेल, तर तो जुन्याच्या शेजारी वेगळा बसवावा आणि त्याची पॅकेजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावीत. व्यवस्थेच्या पायथनला हात लावू नये.

जाणकारही यात सापडतात. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएस या उबुंटूवर आधारित व्यवस्थेवर स्टीम हे गेमचे ॲप बसवायला घेतले. त्या वेळच्या पॅकेजमधील दोषामुळे ॲप्टने डेस्कटॉपच काढायचा प्रस्ताव मांडला, ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करायला लावले आणि ते टाइप होताच डेस्कटॉप गेला. त्यानंतर ॲप्टमधून ही पळवाट बंद झाली. पण ते संरक्षण अत्यावश्यक म्हणून नोंदलेल्या पॅकेजांपुरतेच असते. बाकीची जबाबदारी वापरणाऱ्याचीच राहते. तेव्हा ‘इन्स्टॉल’च्या वेळीही ‘काढली जाणार’ या मथळ्याखाली काही नावे दिसली, तर थांबावे. आदेशाला ‘--सिम्युलेट’ जोडले की काहीही न बदलता संपूर्ण यादी पाहता येते. काढण्याच्या आदेशाला ‘-वाय’ कधीही जोडू नये. तो प्रश्नच पुसून टाकतो.

‘रिमूव्ह’ पॅकेज काढते, पण इटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंगच्या फायली ठेवते. ‘पर्ज’ त्याही काढते. होम फोल्डरमधल्या वैयक्तिक फायलींना दोन्ही हात लावत नाहीत. सेटिंग बिघडल्यामुळे पुन्हा बसवायचे असेल, तर ‘पर्ज’च करावे लागते, नाहीतर जुना बिघाड तसाच परत येतो. ‘ऑटोरिमूव्ह’ इतरांच्या सोबतीने आलेली आणि आता कोणालाच न लागणारी पॅकेजे काढते. त्यातले एखादे खरोखर वापरात असेल, तर आधी ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने तशी नोंद करावी.

‘लॉक मिळत नाही’ असा संदेश आला की लॉकची फाइल पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. बहुधा पार्श्वभूमीवर अपडेट चालू असते. ते संपेपर्यंत थांबावे. काम मध्येच तुटले असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण करते आणि तरीही अवलंबित्वे तुटलेली दिसली, तर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्यावे.

डेस्कटॉप गेलाच, तर लगेच नवी व्यवस्था बसवायची गरज नसते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून लॉगिन करावे आणि ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ उघडावी. शेवटच्या नोंदीत काढलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव असते; तीच नावे ‘ॲप्ट इन्स्टॉल’ला द्यावीत. त्यासाठी इंटरनेट लागते. गेलेल्यांत नेटवर्क-मॅनेजर असेल तर आधी जोडणी हाताने उभी करावी लागते. म्हणून मूळ यादीत ते नाव आहे का, हे ‘वाय’ दाबण्यापूर्वी मुद्दाम शोधावे.