रोज्याने मन शांत होते का?

प्रश्न : मे महिन्याच्या उन्हात पाणीही न पिता रोजा ठेवला, तर मन शांत होते की चिडचिडे? – एक वाचक, जळगाव

उत्तर : 2018 आणि 2019 मध्ये रमजान मे-जूनमध्ये आला होता, तेव्हा खानदेशात ही शंका रास्तच होती. उपाशी माणूस चिडतो, चहा सुटला की डोके दुखते, हे खरेच. पण रोज्याचा मानसिक लाभ भुकेतून येत नाही. स्वतःहून पाळलेल्या बंधनातून येतो. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात रोज्याचा हेतू तकवा, म्हणजे ईश्वराचे भान ठेवून वागणे, असाच सांगितला आहे. कुणी भांडायला आला, तर आपला रोजा आहे एवढे सांगून थांबावे, ही पैगंबरांची शिकवण. राग येतो त्याच क्षणी स्वतःला आवरण्याचा हा महिनाभराचा सराव आहे. चोरून घोटभर पाणी पिणे सहज शक्य असते, तरी रोजेदार पीत नाही; मनाचा हा कस मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिवाय सामूहिक इफ्तार, तरावीहची म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज आणि ईदपूर्वी गरिबांना द्यायचे दान म्हणजे फित्रा, यांमुळे माणूस एकटा पडत नाही.

मात्र रोज्याने नैराश्य बरे होते, असा दावा करता येणार नाही. आजाऱ्याला कुराणानेच सूट दिली आहे. मनोविकारावरची लिथियमची गोळी चालू असेल, तर शरीरातले पाणी घटून तिचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढू शकते. धुळे-जळगावच्या उन्हात तर अधिकच. औषधे चालू असणाऱ्यांनी रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.