जुनी सायकल ऑनलाइन घेताना: बेळगाव-निपाणीकरांसाठी

निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर आणि कोल्हापूर जेमतेम चाळीस. तरी ॲपवर 'कर्नाटक' निवडून जुनी सायकल शोधली की कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज गायब होतात आणि बेंगळुरू-म्हैसूरच्या सायकली समोर येतात. मोटारसायकल असती तर हे सोयीचंच ठरलं असतं, कारण एमएच ०९ ची गाडी केए २३ करायची म्हणजे एनओसी, रोड टॅक्स आणि आरटीओचे हेलपाटे. सायकलला यातलं काहीच लागत नाही. कोगनोळीचा नाका ती बिनबोभाट ओलांडते. सीमाभागात राहण्याचे फायदे तसे मोजकेच, त्यातला हा एक.

लिलावाबद्दलही आधीच सांगून टाकतो. घरबसल्या बोली लावायची ती ईबेची भारतातली पेठ २०१८ मध्ये बंद झाली. आता उरलेत ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेससारख्या जागी होणारी घासाघीस आणि सरकारी ई-लिलाव.

काय करावे

शोध अंतरावर लावा. निपाणीकराने पन्नास किलोमीटरचा घेर धरला की कोल्हापूर आत येतं. बेळगावकराने चंदगड, गडहिंग्लज सोडू नये. जी सायकल जाऊन बघता येत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी आपल्या कामाची नाही.

गावाचं नाव सगळ्या तऱ्हांनी टाका. बेळगाव, बेलगाम, बेळगावी. निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुणी एक 'पी' घालतो, कुणी दोन. हर्क्युलिसचं स्पेलिंग तर दहापैकी दहा जण वेगवेगळं लिहितील. चुकीच्या स्पेलिंगची जाहिरात कमी लोकांना दिसते, म्हणून ती पडून राहते आणि आठवड्याभराने विकणारा नरम येतो. कन्नडमधल्या जाहिरातीही बघा. मराठी माणूस त्या सरसकट पुढे सरकवतो. 'एष्ट री?' एवढं विचारता आलं तरी पुढचं बोलणं बहुधा मराठीतच होतं.

वेळ साधा. परीक्षा संपल्या की बेळगावातली इंजिनिअरिंग, मेडिकलची पोरं खोल्या रिकाम्या करतात. गावी जाणाऱ्या पोराला सायकल न्यायची नसते आणि घरमालकाला ती जिन्याखाली नको असते. लहान मुलांच्या सायकलींचं गणित वेगळं. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. त्यामुळे इकडे मागणी चढलेली असते तेव्हा कागल-कोल्हापूरकडे अजून सुट्टीच चालू असते.

नव्या सायकलीचा आजचा भाव आधी विचारा. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. विकणारा मात्र त्याआधीचं बिल दाखवतो आणि त्यावरून किंमत सांगतो. वापरलेल्या साध्या सायकलीला आजच्या नव्या भावाच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, असं माझं मत. त्यातूनही टायर, ट्यूब, चेन बदलायची असेल तर तो खर्च वजा करा.

सायकल उलटी करून बघा. सीट आणि हँडलवर उभी करा, चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबरांमधून जाणारी रिम बघा. ती एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला घासत असेल तर आऊट आहे. तारा आवळून बहुतेक वेळा सरळ होते, त्यामुळे भाव पाडायला निमित्त चांगलं. क्रँक धरून आडवा हलवा. खुटखुट लागली तर आतले छर्रे किंवा एक्सल गेलेत, तोही किरकोळ खर्च. खरी नजर टाकायची ती हँडलखालच्या नळीवर, जिथे वरचा आणि खालचा दांडा येऊन मिळतो. तिथे रंगाला बारीक चीर किंवा फुगवटा दिसला तर पुढे बोलूच नका. समोरून धडकलेल्या सायकलीची खूण तिथेच राहते. रंग कोरा आणि नटबोल्ट गंजलेले असतील तर रंग कशासाठी मारला, ते विचारा.

बेळगावच्या पावसात उभी राहिलेली सायकल आतून गंजते. सीटची दांडी उपसून बघा, पाणी तिथूनच आत उतरतं. दांडी निघतच नसेल तर सीट आहे त्याच उंचीवर तुम्हाला चालणार का, एवढाच प्रश्न उरतो. खिशात एक लोहचुंबक असू द्या. 'अलॉय आहे' म्हणून विकलेल्या फ्रेमला तो चिकटला की फ्रेम लोखंडाची. लोखंडी सायकल वाईट नव्हे, पण अलॉयचा भाव कशाला मोजायचा?

भेट पंक्चरवाल्याच्या दुकानात ठरवा. भर दिवसा, चार माणसांत. मिस्त्रीला चहापाण्याचे पैसे द्या, तो दोन मिनिटांत सायकलची कुंडली मांडतो. विकणारा कोल्हापूरचा आणि घेणारा बेळगावचा असेल तर दोघांनाही संकेश्वर बरं पडतं.

स्वतः जाणं जमत नसेल तर जाणता माणूस पाठवा. बेळगावात ही रीत जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तंत्रशाळेत शिकवत असताना तिथून सायकली घेऊन पाठवत आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. १८८८ मध्ये सुरू झालेल्या त्या सायकलच्या दुकानातूनच पुढचा सगळा किर्लोस्करी कारभार उभा राहिला. शहरात किर्लोस्कर रोड अजून आहे. आपला भाचा पुण्यात शिकत असेल तर त्याला दोन तास कामाला लावायला हरकत नाही.

कागद करून घ्या. साध्या कागदावर नाव, तारीख, रक्कम, सही आणि फ्रेम नंबर. हा नंबर बहुधा पेडलच्या एक्सलखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. मूळ बिल मिळालं तर उत्तमच.

काय टाळावे

फोनवरच्या फौजीला पैसे पाठवू नका. 'मी कॅम्पमधला सुभेदार, बदली झाली, सायकल आर्मीच्या गाडीने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका.' ही लबाडी देशभर चालते, पण बेळगावात ती जास्त खपते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे, सांबऱ्याला हवाई दल, त्यामुळे बदलीची गोष्ट कुणालाही खरी वाटते. खरा जवान म्हणतो, 'या आणि बघून घ्या.'

पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करू नका, पिन टाकू नका. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. 'बयाणा परत करतो, हा कोड स्कॅन करा' हे त्याचंच दुसरं रूप. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

खोडलेल्या नंबरची सायकल घेऊ नका. फ्रेम नंबर घासलेला, भाव हास्यास्पद आणि विकणाऱ्याला गिअर किती तेही सांगता येत नाही, असा योग जुळला तर समजून जा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं मानायला कारण असूनही तो लबाडीने घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शाळकरी पोराशी परस्पर सौदा नको. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना वाटलेल्या सायकलीही बाजारात फिरतात. घरच्या मोठ्या माणसाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका.

डबल सस्पेन्शनला भुलू नका. दिसायला दणकट, चालवायला जड. मागचा सांधा एकदा सैल झाला की तो कुरकुरतच राहतो.

ई-लिलावात एका सायकलीसाठी उतरू नका. एमएसटीसीसारख्या सरकारी लिलावाच्या ठिकाणी माल लॉटने जातो. 'जसा आहे, जिथे आहे' ही अट असते, आधी अनामत भरावी लागते आणि बोलीवर कर वेगळा. शेवटच्या मिनिटाला बोली टाकून बाजी मारू म्हणाल, तर बहुतेक ठिकाणी तशी बोली आली की वेळच वाढते. जुन्या सायकलींचा धंदा असेल तर जरूर बघा, पण उचलायचा खर्च आधी धरा.

फोनवर ठरलेला भाव दारात जाऊन निम्मा करू नका. न सांगितलेला दोष सापडला तर दाखवून पैसे कमी करायला सांगा, त्यात गैर काही नाही. नाहीतर 'जरा बघा की वो' एवढ्यावर जेवढं सुटेल तेवढं घ्या.

१ नोव्हेंबरला बेळगावात सौदा ठरवू नका. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी आणि सगळीकडे बंदोबस्त.

आणायला बसच्या भरवशावर जाऊ नका. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, आणि एरवीही कंडक्टर सायकल घेईलच असं नाही. पुढचं चाक काढलं तर ती मोटारीत मावते. दोन-तीन सायकली असतील तर छोटा हत्ती सांगा. पुण्याहून रेल्वे पार्सलने बेळगावला आणता येते, निपाणीला मात्र रेल्वेच नाही. कागलला घेतली असेल तर हवा भरून चालवतच या, पण हायवे सोडून सर्व्हिस रोडने, आणि त्याआधी ब्रेक तपासून.