पैठणीच्या पदरावरील फूल : रंग, पोत आणि आकृती

अलंकरणाच्या अभ्यासात रंग, पोत आणि आकृती यांचा विचार आपण सवयीने वेगवेगळा करतो. आधी कागदावर फूल काढायचे, मग रंग भरायचे आणि शेवटी कापड निवडायचे, असा आपला क्रम. छापील कापडाला तो चालतो. पैठणीच्या पदराला मात्र तो लागू पडत नाही. कारण तेथे फूल कापडावर काढलेले नसते, ते कापडाबरोबरच विणले जाते.

पैठण व येवला येथील परंपरागत पदराची भूमी जरीची असते. जेथे पाकळी यावयाची, तेथे जरीचा बाणा थांबतो आणि रंगीत रेशमाचा सुरू होतो. सीमेवर दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवतात. रंगागणिक कांडी वेगळी. म्हणून मागे सुटे धागे राहत नाहीत. उलट बाजूही सुलटीसारखीच दिसते.

आकृतीचे स्वरूप यातूनच ठरते. ताणा-बाणा काटकोनात असल्यामुळे खरी गोलाई विणता येत नाही. पाकळीची वक्ररेषा बारीक पायऱ्यापायऱ्यांनी साधावी लागते. असावलीच्या वेलीवरील फुले किंचित कोनदार दिसतात ती यामुळेच. हा दोष नव्हे. तीच त्यांची शैली होय.

रंगाचेही तसेच. जरीची चमक धातूची, रेशमाची मऊ. या दोन पोतांच्या शेजारामुळे लाल, हिरवा हे रंग मिन्याच्या दागिन्यासारखे खुलतात. पिवळा मात्र सोन्यात हरवतो. म्हणून फुलाभोवती वेगळ्या रंगाची कड उपयोगी पडते. धूपछाँव पैठणीच्या अंगात तर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. नेसणारी चालू लागली की रंग पालटतो.

१८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आलेल्या जॅकार्ड यंत्रणेने अशी नक्षी झपाट्याने विणता येऊ लागली. तिच्यावर विणलेल्या पदराच्या मागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. त्या कापडालाही त्याचे स्थान आहे. पण ते हातविणीच्या नावाने विकले गेले, तर विणकराच्या अनेक महिन्यांच्या श्रमांचे मोल बुडते. गिऱ्हाइकाला हा फरक दाखवून देणे हेही आपल्या शिक्षणाचे काम आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनी पुढचे फूल आधी आलेखाच्या चौकटींवर मांडून पाहावे. कोणती रेषा धाग्याला पेलते, हे कळले म्हणजे कोणती सोडून द्यावी हेही कळेल.