आजचा पाठ: पैसे भरलेलं कार्ड, म्हणजे कमरेचा बटवा



भात झोडून झालं, नागली-वरईची पट्टी हातात येतेय. काही घरं आता भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघतील. नेमक्या याच दिवसांत बाजारात कोणीतरी येतो आणि सांगतो, "हे कॅश कार्ड घ्या, पैसे भरा, कुठंही चालवा." मागच्या गटसभेत तीन-चार जणांनी विचारलं, घ्यावं का? म्हणून आजचा पाठ त्यावर. थोडा लांब आहे, पण पैशाचा आहे. सवडीने वाचा, नाहीतर मुलांकडून वाचून घ्या.

*१) हे कार्ड म्हणजे काय?*

घरी पेटी असते आणि कमरेला बटवा असतो. बाजाराला जाताना आपण पेटी उचलून नेत नाही, लागतील तेवढेच बटव्यात घेतो. बँकेचं एटीएम कार्ड म्हणजे पेटीची किल्ली, त्याने सगळं खातं उघडतं. प्रीपेड कार्ड म्हणजे बटवा. आधी भरायचं, मग वापरायचं, मोबाईलच्या रिचार्जसारखं. बटवा हरवला तर बटव्यातलंच जाईल, पेटी शाबूत राहील. हा याचा खरा फायदा.

पण बटव्यात ठेवलेल्या पैशाला व्याज नाही. म्हणून *हंगामाची कमाई बँकेच्या खात्यात, महिन्याचा किरकोळ खर्च कार्डात.* उलटं करू नका.

*२) कार्डाचे प्रकार (रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे)*

• *छोटं कार्ड:* मोबाईल नंबर, ओटीपी आणि ओळखपत्राचा नंबर दिला की मिळतं. त्यात कधीही १०,००० रुपयांपेक्षा जास्त राहत नाहीत आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त भरता येत नाहीत. त्यातून फक्त खरेदी होते. *रोख काढता येत नाही, दुसऱ्याला पाठवता येत नाहीत.* रोख भरता येणारं असेल, तर २४ महिन्यांच्या आत पूर्ण केवायसी करावी लागते, नाहीतर पुढे पैसे भरता येत नाहीत.
• *पूर्ण केवायसीचं कार्ड:* २ लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते. दुसऱ्याला पाठवता येतात.
• *गिफ्ट कार्ड:* जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं. एकदा संपलं की संपलं, परत भरता येत नाही, रोखही निघत नाही.
• *प्रवासाचं कार्ड:* मुंबईच्या मेट्रोत आणि बेस्टच्या बसमध्ये टेकवून तिकीट काढायचं. तिकडे कामाला असणाऱ्या पोरांना उपयोगी, गावात नाही.

विकणारा म्हणाला की "छोट्या कार्डातून पाहिजे तेव्हा रोख काढा", तर तो तरी चुकतोय, नाहीतर फसवतोय. तिथंच थांबा.

*३) आपल्याकडे चालेल का?*

खरं सांगायचं तर काही ठिकाणी चालेल, सगळीकडे नाही. कार्ड चालायला दुकानात यंत्र लागतं आणि यंत्राला रेंज लागते. मुरबाड तालुक्यातलं धसई हे १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. तिथं आधी बँकेने दुकानादुकानांत स्वाइप यंत्रं दिली, तेव्हा कार्ड चाललं. नुसतं आपल्या खिशात कार्ड असून भागत नाही, समोरच्याकडेही सोय पाहिजे.

जव्हार शहरात मोठं किराणा दुकान, औषधाचं दुकान, पेट्रोल पंप इथं विचारून बघा. मोखाड्याच्या खोऱ्यातल्या पाड्यावर, आठवडे बाजारात बोंबील-भाजी घेताना, जीपच्या भाड्याला रोखच लागेल. म्हणून *माल बांधायच्या आधी विचारा:* "प्रीपेड कार्ड चालतं का? वरून काही टक्के घेता का?" नंतर वाद नको.

कार्डातून पैसे कटले आणि दुकानदार म्हणतो "मला आले नाहीत", तर घाबरू नका. कटल्याचा मेसेज जपून ठेवा, यंत्रातून चिठ्ठी निघाली तर तीही. असा अडकलेला पैसा ५ दिवसांत आपोआप परत यायला पाहिजे. उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

*४) हिशेब करून बघू*

समजा, एक ताई मोगऱ्याच्या पट्टीतून महिन्याला २,००० रुपये घरखर्चाला काढते. कार्ड भरायला दर वेळी २० रुपये लागतात असं धरू.
दर आठवड्याला ५०० भरले: ४ × २० = ८० रुपये गेले.
एकदाच २,००० भरले: २० रुपये गेले.
महिन्याला ६० रुपयांचा फरक, वर्षाला ७२०. तेवढ्यात घरात तेल-मीठ येतं. म्हणून घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर *कागदावर* मागा:
१. कार्डाचे किती?
२. दर वर्षी किती?
३. भरायला किती?
४. नाही वापरलं तर काही कटतं का?
५. मुदत कधी संपते, आणि उरलेले पैसे कसे परत मिळतात?

*५) भट्टीवर जाणाऱ्यांसाठी. हे नीट वाचा*

मागच्या हंगामात आपल्या एका गटातल्या भावाला मुकादमाने सांगितलं, "खर्ची कार्डावर देतो." कार्ड भावाच्या नावाचं, पण मोबाईल नंबर मुकादमाचा आणि पिनही त्यालाच ठाऊक. दर आठवड्याला मेसेज मुकादमाच्या फोनवर यायचे. किती आले, किती गेले, हे भावाला कधी कळलंच नाही. जूनमध्ये घरी आला तेव्हा उचल अजून फिटायची बाकी निघाली आणि कार्ड रिकामं. भांडायला हातात एक कागद नव्हता. घरात पेरणीला पैसे नव्हते.

म्हणून:
• कार्डाला *आपलाच* मोबाईल नंबर जोडा. नंबर ज्याचा, पैसा त्याचा.
• पिन कोणालाच सांगू नका. मुकादम, शेठ, दुकानदार, पाहुणा, कोणीही असो.
• कार्ड, आधार आणि पासबुक दुसऱ्याकडे "ठेवायला" देऊ नका.
• उचल किती, खर्ची किती, विटा किती, हे रोज वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर रेघा मारा.
• मजुरी बँक खात्यात मागा. खात्याचं पासबुक भरून मिळतं, तो आपला पुरावा.

*६) हरवलं किंवा फसवलं तर*

आधी कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड *बंद* करा. तो नंबर आजच वहीत लिहा, कार्ड हरवल्यावर नंबरही हरवतो. पैसे चोरीला गेले असतील तर लगेच *१९३०* ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. चूक आपली नसेल आणि ३ दिवसांच्या आत कळवलं, तर नुकसान आपल्या माथी येत नाही. जितका उशीर, तितकं आपल्यावर येतं. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

कंपनीने तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन *१४४४८*.

*७) मग घ्यायचं की नाही?*

आधी घरात बघा. जनधन खात्याचं रुपे कार्ड पेटीत पडलंय का? बऱ्याच घरी आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या रुपे कार्डावर २ लाखांचा अपघात विमा आहे. पण अट अशी की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड वापरलेलं असावं. म्हणजे पडून राहिलेलं कार्ड कामाचं नाही. तुमच्या खात्याचं काय, ते बँकेत विचारून घ्या.

साधा फोन असेल तर बँकेत जोडलेल्या नंबरवरून *९९# लावूनही पैसे पाठवता येतात, इंटरनेट लागत नाही. बँकमित्र आणि पोस्टमनकडे अंगठा लावून खात्यातले पैसे मिळतात, पावती मात्र मागून घ्या.

एवढं असून शहरात कामाला असलेल्या पोराला मोजकेच पैसे द्यायचेत, किंवा ऑनलाइन खरेदीला खातं उघडं करायचं नाही, तर प्रीपेड कार्ड चांगलं. ते बँकेतून चौकशी करून घ्या, रस्त्यावरच्या माणसाकडून नको.

*या आठवड्याचं काम:* घरातली सगळी कार्डं बाहेर काढा. प्रत्येकाला कोणाचा मोबाईल नंबर जोडलाय, ते तपासा. बंद पडलेला नंबर असेल तर बँकेत बदलून घ्या. अडलं तर गटसभेला कार्ड घेऊन या, पण पिन आम्हालाही सांगू नका.

ज्यांना वाचता येत नाही, त्या शेजाऱ्याला हा संदेश वाचून दाखवा. भट्टीवर निघण्याआधी दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जव्हार-मोखाडा